गावातला पैसा गावात फिरावा म्हणून: स्थानिक उद्योगांचा आराखडा असा तयार करा

गावाच्या विकासाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असतो: पैसा कुठून आणायचा? मग योजनांची नावं निघतात, देणगीदार आठवतात, एखादा मोठा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून कुणाला भेटायचं याची खलबतं होतात. माझं म्हणणं आहे की सुरुवात उलट टोकाकडून करावी. गावात आजही पैसा येतोच. शेतमालाचा येतो, मजुरीचा येतो, शहरात गेलेली मुलं पाठवतात, कुणाचं निवृत्तिवेतन येतं. तो गावात किती दिवस टिकतो आणि कुठल्या वाटेने बाहेर पडतो, हे आधी पाहावं. या वाटा कळल्या की कोणता उद्योग गावात चालेल याची निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

आधी कोण बसणार ते ठरवा

आराखडा करणारा गट सात ते अकरा जणांचा पुरे. त्यात निवडून आलेले लोक हवेतच, कारण जागा, रस्ता, पाणी यांचे निर्णय त्यांच्या हातात असतात. पण बहुमत त्यांचं नको. युरोपीय संघाने १९९१ मध्ये ग्रामीण भागासाठी 'लीडर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. निधी कशावर खर्च करायचा हे त्यात स्थानिक कृती गट ठरवतात, आणि त्या गटात सरकारी यंत्रणेकडे किंवा कुठल्याही एका हितसंबंधी गटाकडे ४९ टक्क्यांहून जास्त मतं असू नयेत असा दंडक त्याच्या २०१४-२०च्या नियमांत होता. हा दंडक जसाच्या तसा उचलावा.

उरलेल्या जागांवर घरखर्च सांभाळणाऱ्या बायका, भूमिहीन मजूर, एखादा दुकानदार, शहरात काम करून परत आलेला एखादा तरुण किंवा तरुणी हवी. आणि मालवाहू गाडी चालवणारा एक जण आवर्जून घ्या. गावातून काय जातं आणि गावात काय येतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. परतीच्या फेरीत गाडी रिकामी येते का, हा प्रश्न त्याला पहिल्याच बैठकीत विचारा. रिकामी परतणारी गाडी म्हणजे स्वस्तातली वाहतूक.

बैठकीची वेळ मजुरी बुडणार नाही अशी ठेवा. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त लिहा आणि पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. न वाचलेल्या इतिवृत्तावरून पुढे भांडणं होतात.

पैशाच्या वाटा शोधा

या टप्प्याला सर्वात जास्त वेळ द्या. महिना लागला तरी चालेल.

तीनशे घरांच्या गावात पाहणीला चाळीसेक घरं पुरेशी आहेत, फक्त ती सरमिसळ हवीत: जमीनवाली, बिनजमिनीची, एकट्या बाईच्या कमाईवर चालणारी, बाहेरून पैसे येणारी, म्हाताऱ्यांची. घरात गेल्यावर उत्पन्न विचारू नका. उत्पन्न कुणी खरं सांगत नाही, आणि त्यात गैर काही नाही. खर्च विचारा. रोजच्या वस्तूंसाठी गेला आठवडा, महिन्याच्या वस्तूंसाठी गेला महिना, औषधपाणी, दुरुस्ती, बियाणं, लग्नकार्य यांसाठी गेलं वर्ष. एवढ्या अंतरातलं माणसाला बऱ्यापैकी आठवतं.

आकडे सांगताना लोक अवघडतात. त्यासाठी खड्यांची पद्धत फार उपयोगी पडते. लोकसहभागातून गावाची पाहणी करण्याच्या ज्या पद्धती रॉबर्ट चेंबर्स यांनी जगभर पोचवल्या, त्यांतलीच ही एक. अंगणात खडूने चौकोन आखायचे: किराणा, कपडे, शेतीची निविष्ठा, दुरुस्ती, औषध, शिक्षण, प्रवास, बांधकाम, कर्जाचा हप्ता. घरच्या बाईच्या हातात पन्नास खडे द्यायचे आणि म्हणायचं, वर्षाचा सगळा खर्च म्हणजे हे पन्नास खडे, आता वाटा. आधी ती भराभर टाकते. मग थांबते. किराण्यातले दोन उचलून दुरुस्तीत ठेवते, नवऱ्याकडे बघते, तो मान हलवतो, ती तरी ठेवते. ही उचलठेव होऊ द्या, मध्ये बोलू नका. खडे स्थिरावले की दुसरा प्रश्न: यातले किती गावात खर्च झाले आणि किती गावाबाहेर? बाहेरचे खडे चौकोनाच्या रेघेबाहेर सरकवायला सांगा. बहुतेक घरांत हा क्षण शांततेचा असतो, कारण रेघेबाहेरचा ढीग आजवर कुणी एका जागी पाहिलेला नसतो.

त्यानंतर तिसरा प्रश्न, आणि तो सर्वात मोलाचा: बाहेर का जावं लागतं? भाव कमी म्हणून, गावात मिळतच नाही म्हणून, मिळतं पण भरवसा नाही म्हणून, की तिथे उधार मिळतं म्हणून? या चार कारणांचे उपाय चार वेगळे आहेत. 'मिळत नाही' हे कारण असेल तिथे नव्या धंद्याला जागा आहे. 'भरवसा नाही' असेल तिथे नवा धंदा नको, जुन्या कारागिराला हत्यारं आणि शिक्षण द्यायला हवं. उधारीमुळे जात असतील तर प्रश्न कर्जाचा आहे, दुकानाचा नव्हे.

गावात पैसा किती फिरतो हे मोजायची एक सोपी रीत लंडनच्या 'न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन' या संशोधन संस्थेने बसवली. समजा गावात बाहेरून १०० आले. त्यातले ६० गावातच खर्च झाले. ज्यांच्या हातात ते ६० पडले त्यांनी त्यातले २४ पुन्हा गावात खर्च केले. तिन्ही फेऱ्यांची बेरीज १८४, भागिले १००, म्हणजे १.८४. हा झाला तुमच्या गावाचा गुणक. फार काटेकोर नसला तरी दरवर्षी त्याच पद्धतीने काढला तर दिशा दाखवतो.

एक सावधगिरी. प्रत्येक गळती बुजवण्याच्या मागे लागू नका. औषधं, सिमेंट, फोन या मोठ्या कारखान्यांच्या वस्तू आहेत. त्या बाहेरूनच येणार आणि यायला हव्यात. जिथे वस्तूपेक्षा माणसाच्या हाताची किंमत जास्त असते, म्हणजे दुरुस्ती, शिवण, सुतारकाम, गवंडीकाम, वाहतूक, रोपं, म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची देखभाल, तिथे गावाला खरी संधी असते. हा माझा ठाम अनुभव आहे.

माणूस आधी, धंदा नंतर

आता गावातल्या कौशल्यांची यादी करा. ती करताना 'कुणाला उद्योग सुरू करायचाय?' असं विचारू नका. या प्रश्नाला सगळे हात वर होतात किंवा एकही होत नाही. त्याऐवजी असं विचारा: मोटार बिघडली की तुम्ही आधी कुणाला हाक मारता? कुणाच्या हातची शिवण टिकते? हिशेब कुणाचा चोख? कुणाकडची रोपं जगतात? चार वेगवेगळ्या घरांतून एकच नाव आलं की समजा, उद्योजक सापडला. त्याला स्वतःला ते माहीत नसेल, एवढंच.

एर्नेस्तो सिरोल्ली हे इटालियन गृहस्थ १९७०च्या दशकात एका इटालियन संस्थेबरोबर झांबियात काम करत होते. नदीकाठची सुपीक जमीन मोकळी पाहून त्यांच्या संस्थेने तिथे टोमॅटो लावले. पीक जोमदार आलं आणि एका रात्रीत नदीतून पाणघोड्यांचा कळप वर आला व सगळं फस्त करून गेला. गावकऱ्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, म्हणून तर आम्ही इथे शेती करत नाही. तुम्ही विचारलंच नाही. त्यातून सिरोल्लींनी आपली पद्धतच बदलली. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स या छोट्या गावात त्यांनी ना कुठली योजना मांडली, ना कुणाला धंदा सुचवला. ज्याला काही करायचंय त्याने यावं, आपण फक्त त्याला लागणारी माहिती आणि माणसं जोडून द्यायची, एवढंच काम ठेवलं.

त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. कुठल्याही धंद्याला तीन गोष्टी लागतात: माल चांगला करणं, तो विकणं आणि पैशाचा हिशेब ठेवणं. या तिन्ही गोष्टी तितक्याच आवडीने करणारा एक माणूस सहसा सापडत नाही. म्हणून उत्तम कारागीर पुढे आला की त्याला विक्रीच्या प्रशिक्षणाला पाठवू नका. विकण्याची हौस असलेला दुसरा आणि वही नीट ठेवणारी तिसरी व्यक्ती त्याच्या शेजारी बसवा. लाजऱ्या कारागिराला बाजारात उभं केलं की तो चार दिवसांत काम सोडतो आणि आपण म्हणतो, लोकांना मेहनत नको.

कागदावर आकडेमोड, एका उदाहरणासकट

यादीतून तीन-चार कल्पना निवडा आणि प्रत्येकीची आकडेमोड सगळ्यांसमोर फळ्यावर करा. एक उदाहरण घेऊ. पाहणीत असं दिसलं की शेतपंपाची मोटार जळली की तिची तार नव्याने गुंडाळायला ती शहरात जाते. गावात एक जण हे काम शिकलेला आहे. दुकान काढावं का?

समजा गावात २०० पंप आहेत आणि वर्षाला पाचातली एक मोटार जळते. म्हणजे ४० मोटारी. सगळ्या त्याच्याकडे आल्या तरी महिन्याला तीन-साडेतीन होतात. आता उलट बाजू: जागेचं भाडं, वीज आणि हत्यारांची झीज भागायला महिन्याला ४ मोटारी लागतात, आणि त्याचं घर चालायला आणखी ८. गरज १२ मोटारींची, हातात साडेतीन. एकट्या गावावर हा धंदा चालत नाही. इथेच पुष्कळ आराखडे डोळे मिटून पुढे जातात.

आजूबाजूची चार गावं धरली तर वर्षाला २०० मोटारी होतात. नव्या माणसाकडे पहिल्या वर्षी त्यातल्या तिसरा हिस्सा आल्या असं धरा, म्हणजे ६५ ते ७०, महिन्याला साडेपाच. ठराविक खर्च निघाला, घर अजून नाही. मग पंखे, पिठाच्या गिरणीची मोटार, पंप बसवून देणं, पाइपलाइनची जोडणी ही कामं त्यात घालावी लागतात. ती घातली की हिशेब जमू लागतो.

आणि आता खड्यांच्या वेळी विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाकडे परत या. शेतकरी शहरात का जातो? तिथे काम स्वस्त होतं म्हणून नव्हे. मोटार जळते ती नेमकी पाण्याच्या पाळीच्या वेळी, पीक उभं असतं आणि तीन दिवस थांबायची सोय नसते. शहरातला दुकानदार काम होईपर्यंत वापरायला जुनी मोटार देतो. म्हणजे आपल्या कारागिराला बोर्डापेक्षा, दुकानाच्या रंगापेक्षा आधी काय हवं? दोन चालू स्थितीतल्या जुन्या मोटारी. सगळ्या धंद्याची किल्ली त्या दोन मोटारींत आहे, आणि ती फक्त विचारल्यामुळे हाती आली.

कच्च्या मालावर प्रक्रिया करण्याच्या कल्पनेचीही अशीच परीक्षा घ्या. यंत्र वर्षाकाठी किती दिवस चालेल, हा पहिला प्रश्न. हंगाम चाळीस दिवसांचा असेल तर उरलेले सव्वातीनशे दिवस यंत्र बसून राहतं आणि हप्ता मात्र चालू असतो. दुसरं पीक, दुसरा माल, दुसरं गाव जोडता येत नसेल तर यंत्र विकत घेऊ नका. भाड्याने मिळतं का पाहा.

इमारतीआधी चाचणी

गावोगाव कुलूपबंद शेड दिसतात. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट सारखीच आहे: इमारत आधी बांधली, गिऱ्हाईक नंतर शोधलं. हे पाहून जीव तुटतो, कारण त्या शेडपायी त्या गावातल्या लोकांचा पुढच्या कामावरचा विश्वासही जातो.

म्हणून तीन महिन्यांची चाचणी करा. उसन्या जागेत, उसन्या हत्यारांवर, थोड्या मालावर. अनोळखी गिऱ्हाइकाने पूर्ण किमतीत, रोखीने आणि दुसऱ्यांदा घेतलं, या तिन्ही गोष्टी झाल्या तर चाचणी यशस्वी माना. नातेवाइकांनी कौतुकाने घेतलेला माल मोजू नका. चाचणी फसली तर काय फसलं ते लिहून ठेवा आणि त्या माणसाला चारचौघांत धीर द्या. गावात एकदा हसं झालं की तो माणूस पुन्हा उभा राहत नाही आणि त्याला पाहणारे आणखी दहा जण बसूनच राहतात.

भांडवल, भाव आणि उधारी

भांडवलाची पायरी अशी ठेवा: आधी स्वतःची बचत, मग बचत गटाचं कर्ज, मग बँक, आणि अनुदान सर्वात शेवटी. जो धंदा अनुदानाशिवाय तोट्यात जातो तो अनुदान संपल्यावर बंदच होणार.

गावाने स्वतःच्या बचतीवर उभं राहण्याची रीत जुनी आहे. जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हे गावचे महापौर होते. १८४६-४७च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत त्यांनी आधी मदतीची व्यवस्था केली, पण दानावर चालणारी मदत टिकत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्यांनी कर्जसंस्था उभी केली. अशा संस्थेचं कार्यक्षेत्र लहान असावं, सभासद एकमेकांना ओळखणारे असावेत आणि साठवलेली गंगाजळी वाटून घेता येऊ नये, हे त्यांचे नियम. पहिले दोन तुमच्या बचत गटात असतीलच. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, आणि पहिल्याच वर्षी नफा वाटून गट मोकळे होतात.

भाव ठरवताना नवा उद्योजक हमखास एक चूक करतो: स्वतःची मजुरी धरत नाही. बायकांच्या धंद्यात तर ही चूक जवळजवळ नियमच आहे. 'घरीच तर असते' म्हणून आठ तासांचं काम फुकट धरलं जातं, भाव कमी ठेवला जातो, आणि काम वाढून मदतनीस ठेवायची वेळ आली की कळतं, तिला द्यायला पैसेच नाहीत. पहिल्या दिवसापासून मालकिणीची मजुरी वहीत खर्च म्हणून लिहा. ती प्रत्यक्ष उचलली नाही तरी लिहा.

उधारीबद्दल थोडक्यात: खेळत्या भांडवलाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त उधारी कधीही नको, आणि ही मर्यादा गटाने ठरवून फलकावर लावावी. 'नाही' म्हणायचं ओझं एकट्या दुकानदारावर टाकू नये. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

एकट्याचं काय, सगळ्यांचं काय

सगळं सामूहिक करण्याचा हट्ट नको. रोज शंभर छोटे निर्णय घ्यावे लागतात असा धंदा, म्हणजे दुकान, शिवण, दुरुस्ती, एका मालकाचाच बरा चालतो. एकट्याला परवडत नाही पण सगळ्यांना लागतं ते सामूहिक असावं: गोदाम, प्रतवारीचं यंत्र, शीतगृह, एकत्र खरेदी, एकत्र वाहतूक.

सामूहिक कामात खरं भांडवल विश्वासाचं असतं आणि तो मापावर उभा असतो. आणंदला १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने जिल्हा दूध उत्पादक संघ सुरू झाला. त्या पद्धतीत गावच्या केंद्रावर माप आणि फॅटची तपासणी दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांदेखत होते आणि त्याप्रमाणे पैसे मिळतात. तुमचा माल कुठलाही असो, वजन, प्रत आणि भाव या तिन्ही नोंदी उत्पादकाच्या समोर आणि त्याच्या हातातल्या पुस्तकात झाल्या पाहिजेत.

गायरान, तळं, जंगल अशा सामायिक साधनांवर उद्योग बेतणार असाल तर आणखी जपा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना सारख्या गोष्टी आढळल्या: वापरणारे कोण हे स्पष्ट असतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, लक्षही तेच ठेवतात, आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असते, पुढे ती वाढत जाते. पहिल्याच चुकीला बहिष्कार घालणारा नियम कुणी पाळत नाही आणि कुणी लावतही नाही.

आराखडा एका पानाचा

आता लिहा. एका पानात मावेल एवढाच. वर्षभरात हाती घ्यायच्या जास्तीत जास्त तीन गोष्टी, प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव (समितीचं नव्हे), तारीख, लागणारा पैसा आणि काम झालं हे कशावरून समजायचं ती खूण. 'महिलांचं सक्षमीकरण' ही खूण होत नाही. 'कारागिराकडे महिन्याला १२ कामं' ही होते. पान गावात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा आणि दर तीन महिन्यांनी त्यावर लाल पेनाने जे झालं ते लिहा.

मुदतीचा अंदाज मात्र मोकळ्या मनाने धरा. जपानमधल्या ओयामा या डोंगराळ गावाने १९६१ मध्ये भातशेती वाढवण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध जाऊन आलुबुखाराच्या (प्लम) जातीची फळझाडं आणि चेस्टनट लावायचं ठरवलं. झाडं लावा आणि हवाईला चला, अशी त्यांची घोषणा होती. त्या धडपडीचा आधार घेऊन गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सु यांनी ओइता प्रांतात 'एक गाव, एक उत्पादन' चळवळ सुरू केली ती १९७९ मध्ये. स्पेनमधल्या मोंद्रागॉनला होसे मारिया आरिस्मेंदियारिएता या धर्मगुरूंनी १९४३ मध्ये तांत्रिक शाळा काढली. त्या शाळेतून शिकलेल्या पाच जणांनी पहिला सहकारी कारखाना सुरू केला तो १९५६ मध्ये. मधली तेरा वर्षं शिकण्यात गेली. तुमच्या एका पानावर वर्षाची कामं असू द्या, पण त्यातलं एक काम पोरांच्या शिक्षणाचं किंवा कुणाला तरी कसब शिकवण्याचं असावं, ज्याचं फळ या वर्षी दिसणार नाही.

धंदा बंद करण्याचा नियमही याच पानावर लिहा, आणि तो सुरुवातीलाच लिहा, सगळे आनंदात असताना. उदाहरणार्थ: सलग सहा महिने ठराविक खर्च निघाला नाही तर काम थांबवायचं, हत्यारं कुणाकडे जातील, कुणाचे किती पैसे आधी परत द्यायचे. हा नियम लिहिलेला असला की बंद करणं अपमानाचं राहत नाही, आणि हत्यारं गंजण्याआधी दुसऱ्याच्या हातात जातात.

वर्ष संपलं की त्याच चाळीस घरांत पुन्हा जा. त्याच अंगणात तेच चौकोन, तेच पन्नास खडे. या वेळी रेघेबाहेर किती गेले, ते मोजा. गेल्या वर्षीचा आकडा त्या बाईला आधी सांगू नका. खडे सरकवून झाले की मग वही तिच्याच हातात द्या.